उपरण्याखालचा आकडा

सायबूमामांनी मला तीस-बत्तीस वर्षांच्या ओळखीत खरा आकडा दोनदाच सांगितला. एकदा हॉस्पिटलात आणि एकदा बाजारात. बाकी सगळा काळ त्यांनी मला थापा मारल्या, आणि मी सरकारी नोकर असून त्या निमूट ऐकून घेतल्या.

मामांचं नाव साहेबराव. राहणार चकलांब्याच्या शिवारात, धंदा जनावरांच्या दलालीचा. मी त्या भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणजे डॉक्टरच्या खालचा आणि शिपायाच्या वरचा. पण ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, असा आमच्याकडं रिवाज आहे. त्यामुळे अख्खा तालुका मला डॉक्टर म्हणायचा आणि खरा डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेलेला असायचा.

मामा किडकिडीत. पांढरी टोपी, तोंडापेक्षा मोठ्या मिशा, कमरेला तंबाखूची चंची आणि खांद्यावर उपरणं. हे उपरणं धुवायला टाकलं की मामा घराबाहेर पडत नसत. कारण त्यांचं दुकान, गल्ला, खुर्ची, टेबल सगळं ते उपरणंच होतं.

आमच्या रविवारच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्याचा हात, देणाऱ्याचा हात, वर उपरणं. आतमध्ये बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. आठ सांगायचे तर पंजा धरून सोडायचा आणि मग तीन बोटं. शेकडा का हजार, ते जनावर बघूनच दोघांना कळलेलं असतं. हात आत झटापट करत असतात आणि तोंडं वर कापसावर पडलेल्या अळीबद्दल बोलत असतात. भोवती पन्नास टाळकी उभी राहिली तरी कुणाला काही पत्ता लागत नाही.

"तोंडातनं आकडा काढायचा न्हाई, डॉक्टर," मामा मला सांगायचे. "तोंडातला आकडा समद्या बाजाराचा व्हतो."

हा झाला पहिला नियम. दुसरा नियम असा, की पहिला आकडा कधी खरा सांगायचा नाही. घेणाऱ्याकडून बोलताना निम्मा सांगायचा. मग समोरचा दमला, घासाघीस करून कावला, की तो म्हणतो, "मामा, आता शेवटचा सांगा." या 'शेवटचा'ला बाजारात मोठा मान. शेवटचा म्हणून जो आकडा उपरण्याखाली गेला, तो मामांनी कधी फिरवला नाही. त्यात नुकसान झालं तरी नाही.

धंद्यापुरतं हे ठीक होतं. पण मामांच्या अंगातच ते मुरलं होतं. एसटीत कंडक्टरनं किती तिकिटं विचारलं तर मामा त्याचा हात शोधायचे. एकदा गावात तपासणीचं शिबिर होतं, तिथं नर्सबाईनं वय विचारलं. मामा म्हणाले, "तीस." तिनं मान वर करून मिशा बघितल्या, मग माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बाई, लिहा साठ. हा पहिला आकडा हाय."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हाची गोष्ट. मामी, म्हणजे कडूबाई, चुलीपुढून म्हणाल्या, "किती टाकू?"

मामा म्हणाले, "दोन."

मामींनी चार थापल्या. मामांनी चारही खाल्ल्या, वर मिशीवरून हात फिरवला. मी बघत बसलेला पाहून मामी म्हणाल्या, "ह्यांचा आकडा आला का मी दुप्पट धरते, भाऊ. लेकीच्या लग्नात पाव्हणे किती येतेल म्हणून इचारलं, तर शंभर म्हणले. दोनशे आले. लई फजिती झाली माजी. तवापासून इचारायचं आन् दुप्पट करायचं."

मी खूप हसलो. आणि हसून विसरून गेलो, ही माझी चूक. ती पुढं महागात पडली.

मामांना वात जडला तो बऱ्याच नंतर. आमवात. सकाळी उठलं की बोटं मुठीतून सुटायची नाहीत. मामी कोमट पाण्याचं घमेलं आणून द्यायच्या, त्यात तासभर हात बुडवून बसायचे आणि घमेल्याला शिव्या द्यायचे. बाजारात तर बेअब्रू व्हायला लागली. तेलगावकडचा एक व्यापारी, जुनं गिऱ्हाईक, उपरण्याखाली हात घालून उभा होता. मध्येच बाहेर बोलला, "मामा, तीन धरले का चार? नीट कळंना गेलं."

बाजारात याच्याइतका मोठा अपमान नाही. मामांनी हात काढून घेतला, उपरणं झटकलं आणि बाभळीखाली जाऊन पाठमोरे बसले. मी चहा नेऊन दिला तर तो कपही त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागला. म्हणाले, "डॉक्टर, बैलाचं खूर गेलं तर तुमी काय करता?" आम्ही काय करतो ते त्यांना माहीत होतं. त्याला बाजारात आणतात आणि मामांच्याच हातून विकतात.

मग बीडच्या एका डॉक्टरनं त्यांना एक पिवळी गोळी चालू केली. रोज नाही, आठवड्यातून एकदाच घ्यायची. वार तुम्ही ठरवा, पण तोच पाळा, असं त्यानं सांगितलं. मामांनी रविवार ठरवला, बाजाराचा वार. तीन महिन्यांत बोटं उघडली. तेव्हापासून बीडचा तो डॉक्टर देवमाणूस झाला आणि ती गोळी कुलदैवत. मी तीस वर्षं यांच्या बैलांच्या ढुंगणात सुया खुपसल्या, लाथा खाल्ल्या, मला कुणी कधी देवमाणूस म्हणालं नाही. असो.

मी रिटायर झालो त्याच वर्षी मामांचा आवाज बसला. दोन महिने त्यांनी मिठाच्या गुळण्या केल्या, हळद-दूध प्याले, तंबाखूची जात बदलून बघितली. शेवटी मीच मोबाईलचा उजेड पाडून घशात बघितलं. म्हटलं, मामा, हे माझ्या खात्यात बसत नाही.

जिभेच्या मुळाशी गाठ होती. शहरातल्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं मामांच्या लेकीएवढ्या, चष्म्याच्या. त्यांनी नीट बसवून सांगितलं. किरणांचा शेक द्यायचा. तेहतीस वेळा. सोमवार ते शुक्रवार रोज, खाडा न पाडता. खाडा पडला की गाठीला फावतं. गाठ लवकर सापडलीय, पूर्ण शेक झाला तर मामा वाचायची चांगली आशा आहे.

"पण तुम्हाला आमवात आहे," त्या म्हणाल्या. "अशा पेशंटला शेकाचा त्रास कधी कधी जास्त होतो. सगळ्यांना होतो असं नाही. तोंड येईल, गळ्याची कातडी भाजल्यासारखी होईल. आणि ती आठवड्याची गोळी शेक संपेपर्यंत बंद. मी बीडच्या डॉक्टरांशी बोलले आहे."

मामांनी एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली. "आन् बोटं?"

"आखडतील थोडी. नंतर गोळी परत चालू करू. आधी जीव, काका, मग बोटं."

मामांनी माझा हात ओढला, उपरणं टाकलं आणि माझी बोटं दाबली. बाईंचा हात धरणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी मधला. मी म्हणालो, "मॅडम, ते म्हणतायत, तेहतीसचे पंचवीस करा."

बाई हसल्या. "इथं भाव ठरलेला आहे, सांगा त्यांना."

मामा मला बाहेर आल्यावर म्हणाले, "कावून हसली ती? दोन तरी सोडले असते. तुमाला सौदा जमत न्हाई."

सोबत कोण जाणार, हा प्रश्नच नव्हता. मामांना पोरगा नाही, लेकी आपापल्या संसारात. मामींना म्हैस सोडून निघता येईना. आणि मी नुकताच रिटायर होऊन दिवसभर घरात बसून फोडणीत तेल किती पडतंय ते बघत होतो. माझ्या बायकोनं माझी पिशवी भरताना जो उत्साह दाखवला, तो लग्नानंतर पहिल्यांदाच. अशा तऱ्हेनं दोन म्हातारे हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेतल्या एका खोलीत सात आठवड्यांच्या मुक्कामाला पडलो.

शेक घेताना डोकं हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा बसवतात. गरम, ओला, मऊ असतो, चेहऱ्यावर ताणला की गार होऊन कडक होतो. मग रोज तोच घालून टेबलाला चाप लावायचे. मामा पहिल्या दिवशी बाहेर आले ते गालावर जाळीचे वळ घेऊन.

"मुसकं हाय ते," म्हणाले. "मळणीत बैलानं कणसाला तोंड लावू नये म्हणून घालतो का न्हाई आपण, सेम तसलं. जल्मभर घातलं बैलांना. आता माजी पाळी."

आतमध्ये बोलता येत नाही, म्हणून काही त्रास झाला तर हात वर करा, असं तिथल्या टेक्निशियननं सांगितलं होतं. आता मामांचा खांदा वातानं धरलेला, हात छातीच्या वर जातच नव्हता. मामांनी त्याला शिकवलं, की पांघरुणावरच्या बोटांकडं बघायचं. एक बोट उचललं तर खाज, दोन उचलली तर खोकला, पंजा उचलला तर मरतोय. टेक्निशियन चांगला होता, त्यानं ते कागदावर लिहून काचेला चिकटवलं. पण पंजा मामांनी एकदाही उचलला नाही.

पहिला आठवडा आम्ही मजेत काढला. मामा शेकाच्या रांगेतल्या पेशंटांची जनावरांसारखी पारख करायचे. हा अजून दोन औतं मारील, त्या पलीकडच्याचे दात किडलेत, ह्या जाड्याला खोंडाची खोड हाय. मी म्हणायचो, हळू बोला, ऐकतील. ते म्हणायचे, ऐकू द्या, मोफत सल्ला हाय. दुसऱ्या आठवड्यात चव गेली. मटणाचा रस्सा तोंडात धरून मामा बराच वेळ विचार करत बसले, मग म्हणाले, "डॉक्टर, ह्यात भिजलेला पुठ्ठा हाय." थुंकी चिकट झाली. गळा काळा पडला, मग तव्याच्या बुडासारखा झाला.

डॉक्टरीणबाई दर सोमवारी विचारायच्या. "काका, दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. सांगा आकडा."

मामांना हे विचारणंच पसंत नव्हतं. उघड्यावर, पाच माणसांदेखत, तोंडानं आकडा. पहिल्यांदा ते छताकडं बघत म्हणाले, "एक." पुढच्या सोमवारी, "दोन." आणि चौथ्या आठवड्याच्या सोमवारी, बराच वेळ घालवून, जरा ओशाळून, "चार."

बाईंनी घशात बॅटरी मारली. कपाळाला आठी पडली. "आतून तर बरंच सोललंय, आणि तुम्ही चारच म्हणताय? आमवातामुळं जास्त झालेलं दिसतंय. सहन होतंय ना?"

मामांनी मान हलवली. चाराची औषधं मिळाली. गुळणीचं एक, लावायचं एक, आणि रक्त तपासून घ्या अशी चिठ्ठी. ती चिठ्ठी मामा म्हणाले उद्या बघू, आणि मीही म्हणालो उद्या बघू.

उलट मी बाईंना मोठ्या आनंदानं सांगितलं, "पण मॅडम, बोटं एकदम मस्त चालतायत त्यांची. गोळी बंद असून."

हे मी बोललो. मी, ज्यानं तीस वर्षं जनावरांना औषधं पाजली. जनावर आकडा सांगत नाही, म्हणून ते खोटंही बोलत नाही, आणि त्यामुळं समोरचा दाखवेल ते खरं धरायचा मला पुरता वाईट नाद लागला होता. समोरचा माणूस दर रविवारी मला म्हणतोय, "तुमी जाऊन मिसळ खाऊन या, माजी काळजी करू नका," आणि मी मिसळ खायला जातोय. आलो की उपरण्याची गाठ सुबक मारलेली, गुंड्या स्वतः लावलेल्या. मला वाटायचं, वा, शेकानं वातसुद्धा बरा होतोय बहुतेक.

त्या बुधवारी अठरावा शेक झाला आणि मामा बाहेर येऊन बाकावर बसले ते उठेनात. पाण्याचा घोट घेतला, तो ओठाच्या कडेनं खाली आला. तेवढ्यात मामींचा फोन आला.

"कसं हाय, भाऊ?"

"बरं हाय, मामी. थोडं तोंड आलंय. परवा बाईंनी दुखणं इचारलं, चार म्हणले. दहापैकी."

मामींनी मला तिथंच पकडलं.

"चार म्हणले?"

"हो."

"मंग आठ हाय."

"अहो मामी..."

"भाऊ, लेकीच्या लग्नापासून दोन म्हणले का चार भाकरी थापती मी. मला नका सांगू. आठ हाय. आन् तुमाला तर मी ह्याच चुलीपुढं सांगितलंतं." फोन ठेवला.

मी मामांकडं बघितलं. गालाची हाडं वर आलेली, डोळे आत गेलेले. एवढं मला रोज दिसत होतं, आणि मी चारावर विसंबून होतो. असला बैल कुणी दवाखान्यात आणला असता, तर मी त्या मालकाला दारातच झापला असता.

मी शेजारी बसलो. माझा टॉवेल काढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. म्हणालो, "मामा, पहिला नको. शेवटचा सांगा."

समोरून पेशंट चालले होते, कुणाची चाकांची खुर्ची चालली होती. मामा समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. मग टॉवेलखाली त्यांनी माझा पंजा धरला. सोडला. पुन्हा चार बोटं धरली.

नऊ.

मामीसुद्धा एकानं चुकल्या होत्या. मामांनी बोटं सोडली नाहीत, घट्ट धरून बसले. आणि पकड इतकी चांगली होती, की तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. बिनगोळीचा वात असली पकड ठेवत नाही.

"चंची दाखवा," मी म्हणालो.

तंबाखू कधीच सुटली होती, पण चंची कमरेला होतीच. चुन्याच्या कप्प्यात पिवळ्या गोळ्यांची पट्टी निघाली. चालू होत्या. एकही रविवार चुकला नव्हता.

मामांना बोलायला त्रास होत होता. थांबत थांबत म्हणाले, "बोलणं तर ह्ये हॉस्पिटलवाले घेऊन चाललेच हायेत, डॉक्टर. बोटंबी गेली, तर बाजारात मी काय करू? हुबा राहून माशा हाकू?"

मला इतका राग आला की काय सांगू. त्यांचा, माझा, त्या मिसळीचा. मी म्हणालो, "मेल्यावर कुणाची बोटं धरणार हाव तुमी?" आणि चंची घेऊन सरळ आत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी बघितली, खाली ठेवली, चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं.

"काका, तुम्ही काय करत होता नोकरीत?"

"जनावरांच्या दवाखान्यात होतो."

"जनावराला औषध दिल्यावर त्यानं गिळलं का थुंकलं, ते बघत होता ना?"

मी मान खाली घातली. मग त्यांनी समजावून सांगितलं. शेकानं तोंडाचं अस्तर जातं, आणि ती गोळीही तेच करते. दोन्ही एकावर एक चाललं होतं. रक्त लगेच तपासलं, तर पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, "मी इतके दिवस हे आमवातामुळं होतंय असं धरून चालले, आणि त्यात तुम्ही चार सांगत राहिलात."

मामांना ॲडमिट केलं. ताप भरला. नाकातून नळी घातली. शेक थांबवावा लागला, पाच दिवस. खाडा पडायला नको होता, तोच पडला. बाई बोलून दाखवत नव्हत्या, पण रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट आधी त्या स्वतः बघायला यायच्या.

मामी म्हैस शेजारणीच्या गळ्यात मारून आल्या. येताना भाकऱ्या घेऊन आल्या, ज्या मलाच खाव्या लागल्या. नळीतून दूध घालायला नर्सनं शिकवलं, तर मामी दोन दिवसांत तरबेज. भांड्यावरच्या खुणेइतकं दूध बरोबर घालायच्या आणि म्हणायच्या, "चाळीस वर्षांत पयल्यांदा ह्यांना मोजून घालती, बाई. आकडा सांगायची सोयच न्हाई." मामा नळीमागून डोळे वटारायचे.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या, खाट धरून उभ्या राहिल्या. मी त्यांना बाजाराची रीत आदल्या दिवशी सांगितली होती. त्यांनी मामांचं उपरणं उचललं, स्वतःच्या हातावर टाकलं आणि हात पुढं केला.

"काका, पहिला नको. शेवटचा सांगा."

मामांनी हात मागं घेतला. जल्मात परक्या बाईचा हात धरलेला नाही. मामींकडं बघितलं.

मामी म्हणाल्या, "धरा की. लेक हाय ती. लाजताय कशाला, नाकात नळी घालून?"

मामांनी हात आत घातला. तोंड खिडकीकडं. बाईंचंही तोंड खिडकीकडं, ते त्यांना मी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. मग बाईंनी हात काढला आणि फाईलवर आठ लिहिलं. आठाचं औषध आलं. त्या दुपारी मामा गाढ झोपले, तोंड उघडं टाकून, घोरत. मामी पदरानं वारा घालत होत्या आणि घोरण्याबद्दल तक्रार करत होत्या.

पुढचे सगळे दिवस रोजचा आकडा उपरण्याखालीच. बाईंना नंतर चटक लागली. शेजारच्या खाटेवरचा परळीचा माणूसही म्हणायला लागला, मलाबी उपरण्याखाली विचारा. शेक परत सुरू झाला आणि तेहतीसच्या तेहतीस पूर्ण झाले. मामांनी एकही सोडवून घेतला नाही. पण गोळी आता खरोखर बंद होती. शेवटच्या आठवड्यात मामांचे पंजे पाखराच्या पायांसारखे मिटले. गुंड्या मामी लावायच्या. बाईंनी हात धरला की आता मामांना बोटं दाबता येत नसत, म्हणून बाईच एकेक बोट धरत जायच्या, आणि बरोबर ठिकाणी आल्या की मामा डोळे मिटायचे.

शेवटच्या दिवशी तो जाळीचा मुखवटा त्यांनी मागून घेतला. घरी नेऊन गोठ्यात टांगला, बैलांच्या मुसक्यांच्या खुंटीला. मामींचं म्हणणं, त्या दिवशी म्हशीनं दूध चोरलं. मी स्वतः जाऊन बघितलं. मला म्हशीचं काही चुकलं असं वाटलं नाही.

तोंड भरून आल्यावर बीडच्या देवमाणसानं गोळी परत चालू केली. तीन बोटं उघडली, दोन नाही. आवाज आला, पण किसणीवर खोबरं घासल्यासारखा. तोंडाला कायमची कोरड, म्हणून पाण्याची बाटली कमरेला. आणि मामा बाजारात परत उभे राहिले. आता ते कुणाची बोटं धरत नसत. हात नुसता पुढं करायचे, व्यापारी धरायचे, आणि मामा डोळ्यांनी हो-नाही सांगायचे. तेलगावचा तो व्यापारी, ज्यानं अपमान केला होता, तो तर हे काम दोन्ही हातांनी, जपून करायचा. एक वर्षभर असं चाललं. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग संक्रांतीनंतर गळ्याच्या बाजूला गाठ आली. आम्ही परत गेलो. बाईंनी तपासलं, उपरणं मागितलं नाही. त्या जागी शेक पुन्हा देता येत नाही, म्हणाल्या, दुखणं कमी ठेवू, जेवढं होईल तेवढं. बाहेर आल्यावर मी एकटाच परत आत गेलो. विचारलं, "मॅडम, त्या खाड्यानं झालं का हे?"

त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "सांगता येत नाही, काका. खाडा न पडताही परत येते."

मी ते धरून चाललोय. पण खरं सांगतो, मला अजून मिसळ खाववत नाही.

मामांना मी शेवटचं बघितलं ते बाजारातच. रविवार, ऊन चढलेलं. मामा पोत्यावर बसले होते, बाभळीखाली, गळ्याला उपरणं गुंडाळून. दोन व्यापारी समोर उकिडवे. त्यांच्या मधोमध एक तांबडा खोंड, कान हलवत. मी चहाच्या गाड्यावरून चालत गेलो, सवयीनं माझा टॉवेल खांद्यावरून काढला, मामांच्या हातावर टाकायला वाकलो आणि हळूच म्हणालो, "मामा, आज किती?"

मामांनी कोपरानं टॉवेल बाजूला सारला.

"सात," म्हणाले. तोंडानं. उघड्यावर. त्या किसणीच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

दोघं व्यापारी मागं सरकले. पलीकडचे दोन-चार जण वळून बघायला लागले. मामांच्या तोंडून बाजारात आकडा निघाला, हे त्यांच्या बापानंही ऐकलं नव्हतं. एकानं चाचरत विचारलं, "कोणच्या बैलाचं, मामा?"

मामांनी मिटलेल्या पंजानं स्वतःच्या छातीवर टकटक केलं. "ह्या."

मामांनी बाटलीतून एक घोट घेतला, तो गिळायला त्यांना जरा वेळ लागला, मग त्यांनी हात पुन्हा व्यापाऱ्यांपुढं केला आणि खोंडाकडं बघायला लागले. मी टॉवेल घेऊन तसाच उभा. मामींच्या रीतीप्रमाणं माझ्या डोक्यात आपोआप दुप्पट सुरू झाली होती. सातची दुप्पट दहात बसेना.